बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरचे (बीएमटी) कोरडे डोळे: गोव्यातले रुग्ण आणि घरची माणसं नेहमी विचारतात ते प्रश्न

रक्ताच्या कॅन्सरसाठी, अप्लास्टिक अॅनिमियासाठी किंवा थॅलेसेमियासाठी दुसऱ्याच्या मूळपेशी घेतलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांचं औषधपाणी सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी हे पान आहे. डोळ्यांच्या ओपीडीत हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातले बरेच प्रश्न उशिरा येतात, म्हणून ते लिहून ठेवले.

ट्रान्सप्लांट रक्ताचं झालं, मग त्रास डोळ्यांना का?

नवीन मज्जेसोबत दात्याची प्रतिकारशक्तीही शरीरात येते. तिच्यातल्या टी पेशींना रुग्णाचं शरीर परकं वाटतं आणि त्या त्याच्यावर हल्ला करतात. याला जीव्हीएचडी (ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट डिसीज) म्हणतात. त्वचा, तोंड, यकृत, आतडी, फुप्फुसं आणि डोळे ही त्यांची नेहमीची ठिकाणं.

डोळ्यात पहिला मार बसतो अश्रुग्रंथीला. तिला सूज येते आणि सूज तशीच राहिली तर ग्रंथीच्या जागी चिवट धाग्यांसारखे व्रण तयार होतात. पापण्यांच्या कडेला तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, त्याही बुजत जातात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी असतात, त्या कमी होतात. अश्रूंच्या थराला पाणी, तेल आणि श्लेष्मा ही तिन्ही लागतात. इथे तिन्हींवर एकदम घाला येतो. त्यामुळे कॉम्प्युटरसमोर बसून येणाऱ्या साध्या कोरडेपणाशी याची तुलना करू नका.

हे किती जणांना होतं आणि कधी?

दात्याकडून मूळपेशी घेतलेल्या साधारण निम्म्या रुग्णांना कधी ना कधी डोळ्यांचा त्रास होतो. ज्यांना त्वचेची किंवा तोंडाची जीव्हीएचडी आहे त्यांच्यात हे प्रमाण आणखी जास्त. बहुतेकदा सुरुवात सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या आत होते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करत आणतात तेव्हा त्रास वर येताना बराच दिसतो. घरात सगळे ‘आता सुटलो’ म्हणत असतात नेमके तेच दिवस, म्हणून डोळ्यांकडे दुर्लक्ष होतं.

गोव्याची हवा इतकी दमट. इथे डोळे कोरडे कसे पडतील?

दमट हवेने अश्रू उडून जायचा वेग कमी होतो. ते मुळात तयारच होत नसतील तर हवा काय करणार? शिवाय आपण दिवसभर दमट हवेत असतोच असं नाही. रात्रभर एसी, डोक्यावर फुल स्पीडचा पंखा, पणजीतल्या ऑफिसात पुन्हा एसी, येता-जाता स्कूटरवर तोंडावर वारा. आषाढात बाहेर कपडे वाळत नसतात आणि आत रुग्णाचे डोळे सुकलेले असतात, हे मी नेहमी पाहतो.

पंख्याची दिशा बदला. बदल छोटा आहे, पण रात्री पापण्या पुरत्या मिटत नाहीत त्यांना सकाळी फरक कळतो.

माझ्या डोळ्यांतून तर सारखं पाणी गळतं. मग कोरडे कसे?

सुरुवातीला असं होतं. पृष्ठभाग खरचटला की मेंदूला चुकीचा इशारा जातो आणि पाण्याचा लोंढा येतो. ते पाणी पातळ असतं, डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतं. पुढे ग्रंथी थकली की तेही थांबतं. एका बाईंनी सांगितलं होतं, ‘सासूबाई गेल्या तेव्हा रडू आलं, पण डोळ्यांतून टिपूस नाही. लोक काय म्हणत असतील?’ तपासणीच्या कागदावर मावणार नाही इतकं अचूक लक्षण आहे हे.

बाकीची लक्षणं: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, जळजळ, उजेड सहन न होणं, सकाळी पापणी चिकटून उघडताना दुखणं, धुरकट दिसणं आणि डोळे मिचकावले की क्षणभर स्वच्छ दिसणं. कांदा चिरताना पाणी येईनासं झालं हेही सांगा.

भावाने मज्जा दिली. शंभर टक्के मॅच होती. तरी असं झालं, म्हणजे त्याच्यात काही दोष होता का?

नाही. एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ज्या ओळखखुणा पाहून मॅच ठरते त्या, पूर्ण जुळल्या तरी शरीरातली इतर शेकडो बारीक प्रथिनं दोघा भावंडांत वेगळी असतात आणि टी पेशी तेवढ्यावरही बिथरतात. रक्तातून काढलेल्या मूळपेशींमध्ये कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेपेक्षा दीर्घकालीन जीव्हीएचडी जास्त आढळते. स्त्री दाता आणि पुरुष रुग्ण असेल तरी धोका थोडा वाढतो. हे सगळं निवड करतानाच डॉक्टरांच्या हिशेबात असतं. भावाला हा विषय काढून खिजवू नका, मनातल्या मनातसुद्धा.

सौम्य जीव्हीएचडी असलेल्यांमध्ये रक्ताचा कॅन्सर उलटून परत येण्याचं प्रमाण कमी दिसतं, हेही ठाऊक असू द्या. दात्याच्या त्याच टी पेशी उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशीही टिपतात.

स्वतःच्याच पेशी परत दिल्या असतील तर?

तर जीव्हीएचडीचा प्रश्न सहसा येत नाही. केमो, रेडिएशन किंवा इतर औषधांमुळे कोरडेपणा येऊ शकतो, पण तो साध्या थेंबांना पुष्कळ दाद देतो.

तपासणीत नेमकं काय करतात?

शिर्मर टेस्ट. जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर यांनी 1903 मध्ये सांगितलेली ही चाचणी आजही तशीच चालते. खालच्या पापणीच्या कडेला गाळणीच्या कागदाची पट्टी लटकवतात आणि पाच मिनिटांनी किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. पाच किंवा त्याहून कमी मिलिमीटर म्हणजे अश्रू फार कमी. तुमची पट्टी दोन मिलिमीटरवर थांबली आणि शेजारच्या माणसाची खालपर्यंत ओली झाली की समजावून सांगायची गरज उरत नाही.

मग फ्लुरोसीन नावाचा पिवळा रंग घालून निळ्या उजेडात कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा पाहतात. जिथे सालपट गेलं तिथे हिरवे ठिपके उमटतात. वरची पापणी उलटून आतल्या बाजूला व्रण आहेत का तेही पाहायला हवं. हे घाईत राहून जातं, तुम्ही आठवण करून दिलीत तरी चालेल.

शक्य असेल तर ट्रान्सप्लांटच्या *आधी* एकदा शिर्मर करून आकडा फाइलमध्ये लावून ठेवा. आधीचा आकडा नसेल तर नंतरचा कशाशी ताडून पाहणार? आणि पहिलं वर्षभर तक्रार नसली तरी दर तीनेक महिन्यांनी डोळे दाखवा.

दिवसातून किती वेळा थेंब घालता, हे डॉक्टर एवढं खोदून का विचारतात?

कारण आजाराची पायरी त्यावर ठरते. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या निकषांत तीन वेळांपर्यंत थेंब पुरत असतील तर सौम्य, तीनहून जास्त वेळा लागत असतील किंवा अश्रुछिद्रं बंद करावी लागली तर मध्यम, आणि दुखण्यासाठी खास चष्मा लागतो, काम करता येत नाही किंवा नजर कमी झाली तर गंभीर. ‘घालतो अधूनमधून’ असं सांगितलंत तर पुढची औषधं अधूनमधूनचीच लिहिली जातील.

थेंब कोणते घ्यायचे? फार्मसीत ढीगभर मिळतात.

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. बाकी ब्रँडवरून वाद घालू नका.

बऱ्याच बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. बाटलीत जंतू होऊ नयेत म्हणून ते घालतात, पण दिवसातून आठ-दहा वेळा डोळ्यात गेलं तर आधीच सोललेल्या कॉर्नियाला तेच त्रास देतं. लेबलवर हे नाव बारीक अक्षरात असतं. दिसत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा. कार्बोक्सिमेथिलसेल्युलोज किंवा सोडियम हायल्युरोनेट असलेल्या एकदा वापरायच्या कुपी, किंवा आत जंतू शिरू न देणाऱ्या खास झडपेच्या बाटल्या घ्या. कुपी उघडली की लेबलवर लिहिलंय तेवढ्याच वेळात वापरा. महाग आहे म्हणून कुपी दुसऱ्या दिवशी वापरणं या रुग्णांच्या बाबतीत परवडत नाही, प्रतिकारशक्ती दाबलेली असते.

दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच ते दहा मिनिटं जाऊ द्या. आधी पातळ, मग घट्ट, मलम सगळ्यात शेवटी झोपताना. खुपायला लागल्यावर नव्हे, त्याआधीच घड्याळ लावून थेंब घाला.

फार्मसीवाल्याने डोळे लगेच पांढरे करणारे थेंब दिले, खरंच लाली गेली. चालू ठेवू?

बंद करा. ते रक्तवाहिन्या आवळतात, आजार तिथेच राहतो. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणारे अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब तर त्याहून वाईट.

स्टिरॉइडचे थेंब डॉक्टरांनीच दिलेत. तेही घालू नयेत का?

डॉक्टरांनी दिलेत तर घाला, सांगितले तेवढेच दिवस. सूज चटकन उतरवायला त्यांच्याइतकं दुसरं नाही. पण डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो आणि जंतुसंसर्ग झाकला जातो. पुढची तारीख चुकवून जुनी चिठ्ठी दाखवून नवी बाटली घेणं, एवढं करू नका.

सायक्लोस्पोरिन (सूज दाबणारे थेंब) फार झोंबतं, आणि महिना झाला तरी फरक नाही.

झोंबतं खरं. आधी साधे लुब्रिकंट थेंब घालून काही मिनिटांनी हे घातलं तर थोडं सुसह्य होतं. काही जण बाटली फ्रिजमध्ये ठेवतात, तुमच्या बाटलीवर तशी परवानगी आहे का ते वाचून घ्या. परिणाम दिसायला दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. ग्रंथीत अजून जीव आहे तोवर ती वाचवायचं हे औषध आहे, म्हणून महिन्याभरात कंटाळून सोडू नका. काहींना त्याऐवजी टॅक्रोलिमसचं मलम चालतं.

अश्रूंची छिद्रं बंद करतात म्हणे?

पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक छिद्रं असतात, अश्रू तिथून नाकात उतरतात. सिलिकॉनचा इवलासा प्लग बसवून किंवा डाग देऊन ती बुजवतात. आहे ते पाणी डोळ्यात टिकतं. आधी सूज आटोक्यात हवी, नाहीतर सूज वाढवणारे पदार्थही डोळ्यातच साचतात. प्लग कधी कधी आपोआप पडतो. घाबरू नका, पुन्हा बसवतात.

स्वतःच्या रक्ताचे थेंब? हे ऐकून आईने देव पाण्यात ठेवलेत.

आईंना सांगा, त्यात लाल काही नसतं. तुमचं रक्त काढतात, गोठू देतात, यंत्रात फिरवतात आणि वर आलेला पिवळसर पाण्यासारखा सीरम बाजूला घेतात. सलाइनमध्ये मिसळून तो बहुतेकदा 20 टक्के करतात, क्वचित जास्त तीव्र ठेवतात. लिंबाच्या पातळ सरबताच्या रंगाचे हे थेंब लहान बाटल्यांत भरून गोठवतात. अश्रूंमध्ये असतात तसे पेशी वाढवणारे घटक आणि जीवनसत्त्व ए सीरममध्ये असतं. साध्या तयार थेंबांत हे सगळं सहसा नसतं. भरत नसलेल्या कॉर्नियाला याने उतार पडताना दिसतो.

पण यात प्रिझर्व्हेटिव्ह काहीच नाही. वापरातली एक बाटली फ्रिजमध्ये आणि ती साधारण आठवड्याच्या आत संपवायची किंवा फेकायची, बाकीच्या फ्रीझरमध्ये. गोव्यात पावसाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रीझर उघडून पाहत बसू नका, बंद ठेवला तर गारवा बराच टिकतो. एकदा वितळलेली बाटली पुन्हा गोठवायची नाही. टोक पापणीला लागू देऊ नका. मासळी ठेवता त्या कप्प्यात या बाटल्या नकोत, वेगळा बंद डबा करा.

रुग्णाचं रक्त कमी असेल तर निरोगी नातेवाइकाच्या सीरमचा विचार होतो. ते डॉक्टरांनी आणि रक्तपेढीने ठरवायचं.

स्क्लेरल लेन्स म्हणजे काय?

नेहमीच्या कॉन्टॅक्ट लेन्सपेक्षा मोठी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी कडक लेन्स. कॉर्नियाला ती शिवत नाही. मधल्या जागेत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं निर्जंतुक सलाइन भरतात आणि कॉर्निया दिवसभर त्यात भिजलेला राहतो. थेंब आणि मलमं करून थकलेल्या माणसाने ही लेन्स घातल्यावर पंख्याखाली बसून डोळे उघडे ठेवलेले मी पाहिले आहेत. माझ्या मते गंभीर रुग्णांना याबद्दल फार उशिरा सांगितलं जातं.

हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय इथे मोजमाप घेऊन या लेन्स बसवतात. खर्च मोठा आहे आणि घालायला-काढायला शिकावं लागतं. नळाचं किंवा विहिरीचं पाणी लेन्सला लावायचं नाही, कधीच.

रक्ताच्या डॉक्टरांना डोळ्यांचं सांगायलाच हवं का?

हवंच, आणि पहिल्यांदा. डोळे हे पूर्ण शरीरातल्या जीव्हीएचडीचं एक ठिकाण आहे. तोंड कोरडं, त्वचा ताठर, जिना चढताना धाप, खासगी भागात कोरडेपणा असं काही सोबत असेल तर पोटातून औषध बदलावं लागेल. स्टिरॉइड गोळ्यांशिवाय इब्रुटिनिब, रक्सोलिटिनिब यांसारखी औषधं आता आहेत. उलटही होतं, बाकी शरीर शांत असतं आणि डोळे तेवढे पेटलेले. तेव्हा नुसत्या डोळ्यांसाठी गोळ्या वाढवायच्या की नाही हे दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवावं. ‘त्यांनी ह्यांना विचारा म्हटलं, ह्यांनी त्यांना’ असा फुटबॉल होऊ देऊ नका. दोघांचे नंबर एकमेकांना द्या.

पापण्यांच्या ग्रंथींसाठी डोळ्यांचे डॉक्टर कधी अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या लिहितात. दात्याकडून ट्रान्सप्लांट झालंय हे त्यांना आवर्जून सांगा. फुप्फुसाचा त्रास टाळण्यासाठी हे औषध लांब काळ दिलेल्या अशा रुग्णांमध्ये कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये तसा इशारा दिला. थोड्या दिवसांच्या कोर्ससाठीही आधी रक्ताच्या डॉक्टरांना विचारा. सर्दीसाठी सेट्रिझिनसारख्या गोळ्या घेतल्या तर डोळे आणखी सुकतात, तेही ध्यानात ठेवा.

बांगडे, तारले खाल्ले तर डोळ्यांना बरं ना? ओमेगा-3च्या कॅप्सूल?

खा की, ताजे आणि पूर्ण शिजवलेले. पण औषध म्हणून मोजू नका. साध्या कोरड्या डोळ्यांवर कॅप्सूलची मोठी चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ऑलिव्ह तेलापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

गुलाबपाणी, मध, एरंडेल, तुळशीचा रस?

डोळ्यात काहीही नको. काजळही नको. वडीलधाऱ्यांचं मन मोडवत नसेल तर डॉक्टरांवर ढकला. आणि प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून गुळवेल किंवा काढे पोटात घेऊ नका. इथे आपण प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे, आणि गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण आपल्या देशात नोंदलेले आहेत.

पापण्यांवर गरम फडक्याचा शेक चालतो. स्वच्छ फडकं, उकळून निवत आणलेलं पाणी, सोसवेल इतकंच गरम, पाच-दहा मिनिटं. नंतर बोटाने पापणीच्या कडेकडे हलका दाब.

चवथ, शिगमो, नरकासुर. घरात बसून राहायचं का?

नाही, पण जागा निवडा. चवथीला माटोळी बांधायचं काम दुसऱ्याला द्या. रानातली पानं, फळं, त्यावरची धूळ आणि बुरशी डोक्यावरून थेट डोळ्यांत पडते. आरतीला लांब उभे राहा, धूप-कापराच्या समोर नको. शिगम्याच्या गुलालात जाऊ नका. नरकासुर जाळतात त्या पहाटे धूर गल्लीबोळात भरतो, तेव्हा खिडक्या बंद ठेवा. सांजावच्या सणातल्या विहिरीतल्या उड्या तर यंदा नुसत्या बघायच्या, मारायच्या नाहीत. काजू भाजायची भट्टी आणि चुलीचा धूर यांपासूनही दूर.

स्कूटरवर हेल्मेटची काच खाली आणि आत बाजू झाकणारा चष्मा. उन्हाने त्वचेची जीव्हीएचडीही चाळवते, टोपी घाला. शेतात भाताचं पातं किंवा बागेत माडाचं झाप डोळ्याला लागलं तर त्याच दिवशी दाखवा. अशा जखमेत बुरशी शिरते आणि ती फार हटवादी असते.

मोतीबिंदूही आलाय. ऑपरेशन करून टाकू का?

स्टिरॉइड आणि रेडिएशनमुळे या रुग्णांना मोतीबिंदू लवकर येतो. ऑपरेशन होतं, नजरही सुधारते, पण डोळ्याचा पृष्ठभाग आधी शांत असला पाहिजे. कोरड्या, सुजलेल्या डोळ्यावर घाई केली तर जखम भरत नाही आणि कॉर्निया विरघळण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. शिबिरात तर अजिबात नको. चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन विसरा.

लहान मुलांत कसं ओळखायचं?

मूल ‘खुपतं’ म्हणत नाही. ते डोळे चोळतं, उन्हात तोंड फिरवतं, टीव्ही पाहताना सारखं मिचकावतं, रडलं तरी गाल कोरडे. शेवटचं दिसलं तर थांबू नका.

रातोरात धावायचं कधी?

डोळा अचानक जोरात दुखू लागला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, पू आला, नजर एकाएकी कमी झाली, समोर काळे ठिपके तरंगू लागले, कपाळावर किंवा नाकावर नागिणीचे फोड आले, तर तो नेहमीचा कोरडेपणा नाही. जंतू, बुरशी किंवा विषाणू असू शकतो. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) आपत्कालीन विभागात जा आणि आत शिरताच ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय, या गोळ्या चालू आहेत’ हे पहिलं वाक्य बोला.

हे कधी बरं होणार?

सूज जाते, ग्रंथीचे व्रण जात नाहीत. बहुतेकांना थेंब वर्षानुवर्षं लागतात, काहींना जन्मभर. लवकर सापडलं तर नोकरी, वाचन, गाडी चालवणं सगळं चालू राहतं. उशिरा सापडलं तर वेळ आणि पैसा दोन्ही जास्त जातात आणि तरी थोडं कमीच मिळतं. ‘कॅन्सरमधून वाचलो, डोळ्यांचं काय घेऊन बसायचं’ असं म्हणणारे रुग्ण मला हळवे करतात, पण त्यांचं मी ऐकत नाही.

तपासणीला मुंबईला जातो. प्रवासात काय सांभाळू?

कोकणकन्या एक्सप्रेसचा एसी डबा रात्रभर डोळे सुकवतो. बाजूने बंद चष्मा लावून झोपा, झोपण्याआधी मलम. स्लीपरमध्ये खिडकीची जागा बदलून घ्या. खारघरच्या टाटा कॅन्सर केंद्रात जाणारे पनवेलला भल्या पहाटे उतरतात, तेव्हा थेंबाची वेळ चुकते, म्हणून एक कुपी खिशात असू द्या. सीरमच्या बाटल्या गोठवलेल्या जेल पॅकसह थर्मासमध्ये, आणि तो थर्मास बर्थखाली बॅगेत न टाकता उशाशी. फाइलमध्ये सगळ्यात वर एक कागद: ट्रान्सप्लांटची तारीख, दाता कोण, चालू गोळ्यांचे डोस, शेवटच्या शिर्मरचे दोन्ही डोळ्यांचे आकडे, आणि हल्ली दिवसाला थेंब किती वेळा.